टॅक्स कमी करायचा ठीक आहे, पण खर्चाचं काय? अमेरिकन कॉन्झर्व्हेटिव्ह लोकांचं घरातलं भांडण सोप्या भाषेत

आपल्याकडे अमेरिकेच्या राजकारणावर गप्पा सुरू झाल्या की विषय लगेच ट्रम्पवर जातो आणि तिथेच अडकतो, ट्रम्प काय बोलला, कोणावर चिडला, उद्या काय करेल. पण त्याला मत देणारा जो माणूस स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवतो त्याला सरकार, टॅक्स आणि खर्च याबद्दल नेमकं काय वाटतं, हे कोणी नीट समजावून सांगत नाही. मला हे सांगावंसं वाटतं कारण एक तर या माणसाच्या मूळ म्हणण्यात खरंच दम आहे, आणि दुसरं म्हणजे त्याच्या पक्षाने, म्हणजे रिपब्लिकन पक्षाने, त्यातला अर्धाच भाग उचलला आणि उरलेला अर्धा गेली चाळीसेक वर्षं पुढे ढकलत आणलाय. त्याचे परिणाम फक्त अमेरिकेत राहत नाहीत, ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्के टॅरिफ, म्हणजे आयातकर, लागला त्याचाही याच्याशी संबंध आहे, ते पुढे येईलच.

आधी मूळ विचार काय ते बघू. तुम्ही कमावलेला पैसा तुमचा. सरकारकडे स्वतःचं असं काही नसतं, ते जो डॉलर खर्च करतं तो कोणीतरी आधी कमावलेला असतो किंवा कोणीतरी नंतर फेडणार असतो. त्यामुळे सरकारने मोजक्याच गोष्टी कराव्यात, संरक्षण, कोर्ट, सीमा वगैरे, आणि बाकीचं राज्यांवर, गावांवर, चर्चवर, कुटुंबावर सोडावं कारण वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या माणसाला कॅन्ससमधल्या शेतकऱ्याची गरज त्या शेतकऱ्यापेक्षा जास्त कळते हे काही खरं नाही. २० जानेवारी १९८१ ला अध्यक्षपदाची शपथ घेताना रिपब्लिकन पक्षाचे रेगन म्हणाले की आत्ताच्या संकटात सरकार हा आपल्या प्रॉब्लेमवरचा उपाय नाहीये, सरकार हाच प्रॉब्लेम आहे. हे वाक्य आजही त्या बाजूच्या लोकांना तोंडपाठ असतं.

यात अजून एक मुद्दा आहे जो लोक विसरतात आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन, ज्यांना ही मंडळी गुरुस्थानी मानतात, ते सांगायचे की टॅक्सचा दर किती आहे इकडे बघत बसू नका, सरकार खर्च किती करतंय ते बघा, कारण खर्च हाच खरा टॅक्स. कसं ते बघा. सरकारने शंभर रुपये खर्च केले आणि टॅक्समधून सत्तरच घेतले, तर उरलेले तीस कुठून आले? एक तर कर्ज काढलं, म्हणजे ते तुमची मुलं व्याजासकट भरणार, किंवा जास्तीचा पैसा बाजारात सोडला, म्हणजे महागाई वाढून तुमच्याच खिशातून गेले. टॅक्स कमी केला आणि खर्च तसाच ठेवला तर टॅक्स कमी झालाच नाही, त्याची फक्त तारीख पुढे गेली. आपल्याकडे ऋण काढून सण करणं म्हणतात तेच. हे एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं भांडण कळतं.

आता टॅक्सचं बघू. तिथे केंद्र सरकारचा इन्कम टॅक्स घटनादुरुस्ती करून १९१३ पासून आला. आज वरच्या एक टक्के कमावणाऱ्यांकडून एकूण इन्कम टॅक्सचा साधारण ४० टक्के भाग येतो आणि खालच्या निम्म्या लोकांकडून तीनेक टक्के. कॉन्झर्व्हेटिव्ह माणूस म्हणतो की जो कारखाना काढतो, दहा लोकांना नोकरी देतो त्याच्यावरच सगळा भार टाकत गेलात तर तो पैसा गुंतवणार कशाला, आणि ज्याला टॅक्स जवळजवळ लागतच नाही तो सरकारी खर्चाला नाही का म्हणेल. मुद्दा बरोबर आहे पण अर्धवट आहे, कारण पगाराच्या स्लिपवर इन्कम टॅक्सशिवाय अजून दोन ओळी असतात. सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी पेन्शनचे, ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे, म्हणजे म्हातारपणीच्या आरोग्य विम्याचे, १.४५ टक्के. एक लाख डॉलर पगार असेल तर ७,६५० डॉलर तिथेच कापले जातात आणि कंपनी तेवढेच स्वतःच्या बाजूने भरते. सोशल सिक्युरिटीची कपात एका मर्यादेपर्यंतच होते, २०२५ साली ती १,७६,१०० डॉलर होती, त्यावरच्या पगाराला ती लागत नाही. म्हणजे वेटरपासून इंजिनियरपर्यंत सगळे पहिल्या डॉलरपासून हा टॅक्स भरतात आणि म्हणूनच कोणी त्या पेन्शनला हात लावतो म्हटलं की लोक चवताळून उठतात, आम्ही आयुष्यभर भरलेत ते पैसे आमचे आहेत म्हणतात. हे पुढे फार कामाला येणार आहे.

रेगनच्या काळात या विचाराला एक नवा फाटा फुटला. आर्थर लॅफर नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७४ मध्ये वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात पुढे उपाध्यक्ष झालेले डिक चेनी वगैरे मंडळींसमोर एक वक्ररेषा काढून दाखवली असं सांगतात, टॅक्स शून्य टक्के असेल तर सरकारला काहीच मिळणार नाही आणि शंभर टक्के असेल तरी काहीच मिळणार नाही कारण मग कोणी कामच करणार नाही, म्हणजे मध्ये कुठेतरी उत्पन्नाचं सगळ्यात वरचं टोक आहे आणि त्याच्या पलीकडे असाल तर दर कमी करून उलट उत्पन्न वाढतं. तत्त्व म्हणून यात चूक काहीच नाही. पण आपण त्या टोकाच्या कुठल्या बाजूला आहोत हे ती रेषा सांगत नाही ना, घोडं तिथेच अडतं. रेगन आले तेव्हा सगळ्यात वरचा दर ७० टक्के होता, तो आधी ५० आणि मग १९८६ च्या कायद्याने २८ वर आला. अर्थव्यवस्था जोरात चालली हे खरं. पण संरक्षणाचा खर्च वाढला, बाकीचा खर्च हवा तेवढा कमी झाला नाही आणि आठ वर्षांत सरकारी कर्ज जवळजवळ तिप्पट झालं. स्वतः रेगननीच १९८२ मध्ये टॅक्स वाढवणाऱ्या कायद्यावर सही केली होती, ते आज कोणी आठवत नाही.

काही जणांचं म्हणणं होतं की काळजी नको, सरकारला पैसाच कमी मिळाला की ते आपोआप खर्च कमी करेल. रेगनच्या आर्थिक सल्लागार मंडळात काम केलेले विल्यम निस्कानेन, म्हणजे याच बाजूचा माणूस, त्यांनी पुढे बसून आकडे तपासले आणि त्यांना उलटं दिसलं. टॅक्स कमी असतो तेव्हा खर्च वाढतो! कारण साधं आहे, शंभर रुपयांची वस्तू सत्तरला मिळायला लागली तर लोक जास्त घेणार. आज बिल भरावंच लागत नसेल तर सरकारी योजनेला विरोध करायचा कशाला? मला वाटतं या एका निष्कर्षावर त्या पक्षात खूप चर्चा व्हायला हवी होती, ती झाली नाही.

का झाली नाही ते समजायला १९९० ची गोष्ट नीट बघावी लागेल. ऑगस्ट १९८८ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या पक्षाच्या अधिवेशनात अध्यक्षपदाचे उमेदवार जॉर्ज बुश, म्हणजे थोरले बुश, छातीठोकपणे म्हणाले की माझे ओठ नीट वाचा, नवे टॅक्स नाहीत म्हणजे नाहीत. सभा उभी राहिली, ते निवडूनही आले. पण तूट वाढत चालली होती, काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, विरोधी डेमोक्रॅट पक्षाच्या हातात होती आणि ते टॅक्सशिवाय नुसती खर्चकपात करायला तयार नव्हते. २६ जून १९९० ला व्हाइट हाऊसच्या प्रेस रूममधल्या बोर्डावर एक छोटंसं निवेदन लागलं, भाषण नाही की टीव्हीवर येणं नाही, आणि त्यात खर्चाच्या सुधारणांबरोबर टॅक्सचं उत्पन्न वाढवण्याचा उल्लेख होता. पत्रकारांच्या लगेच लक्षात आलं की शब्द मोडला. ऑक्टोबरमध्ये पहिलं पॅकेज सभागृहात आलं तर बुशच्याच पक्षातला न्यूट गिंग्रिच बंड करून उठला आणि ते पडलं, सरकारी कामकाज शनिवार-रविवारी बंद पडलं, शेवटी नोव्हेंबरमध्ये दुसरा कायदा झाला. वरचा दर २८ चा ३१ झाला.

आता या कायद्यात अजून काय होतं ते बघा. दरवर्षी मंजूर होणाऱ्या खर्चावर ठरावीक मर्यादा घातल्या होत्या, आणि नवीन टॅक्सकपात किंवा नवी कायमची योजना आणायची असेल तर तेवढे पैसे कुठून येणार ते आधी दाखवा असा नियम होता. अंथरूण पाहून पाय पसरायचा नियमच म्हणा ना. कॉन्झर्व्हेटिव्ह माणसाला हवी असते ती शिस्त यात होती, आणि १९९८ ते २००१ ही चार वर्षं अमेरिकेचं बजेट शिलकीत होतं त्याला हे नियम, पुढचे अध्यक्ष क्लिंटन यांनी वाढवलेला टॅक्स, पुढे स्पीकर झालेल्या गिंग्रिचच्या काँग्रेसने खर्चावर धरलेला हात आणि त्या काळातली तेजी हे सगळं मिळून कारण होतं. पण मतदाराला लक्षात राहिले ते फक्त ओठ. १९९२ च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, पक्षातलाच पॅट ब्युकॅनन बुशच्या विरुद्ध उभा राहिला आणि न्यू हॅम्पशायरमध्ये एक तृतीयांशाहून जास्त मतं घेऊन गेला, मग मुख्य निवडणुकीत अपक्ष उमेदवार रॉस पेरो आला, तुटीचे तक्ते टीव्हीवर दाखवत दाखवत त्याने जवळपास १९ टक्के मतं घेतली आणि क्लिंटन जिंकले.

त्यानंतर रिपब्लिकन पुढाऱ्यांनी घेतलेला धडा असा की टॅक्स वाढवला की संपलात. ग्रोव्हर नॉरक्विस्ट यांची संस्था १९८६ पासून उमेदवारांकडून लेखी शपथ घेते की मी टॅक्स वाढवणार नाही, आणि पक्षातले बहुतेक लोक त्यावर सही करत आलेत. खर्च वाढवणार नाही याची मात्र तशी वजनदार शपथ कोणी घेत नाही. तुम्ही विचार करा, फ्रीडमनच्या हिशोबाने हे बरोबर उलटं नाही का? धाकट्या बुशनी २००१ आणि २००३ मध्ये टॅक्स कमी केले, त्याच काळात इराक आणि अफगाणिस्तानची युद्धं केली, आणि २००३ मध्येच म्हाताऱ्या लोकांच्या औषधांचा खर्च मेडिकेअरमध्ये आणला. शिल्लक गेली. २००८ ला बँका वाचवायला ७०० अब्ज डॉलरची तरतूद केली तेव्हा साध्या कॉन्झर्व्हेटिव्ह मतदाराचा संयम सुटला, टी पार्टी चळवळ उभी राहिली आणि २०१० मध्ये डेमोक्रॅटांच्या ६३ जागा गेल्या. मला त्या राग आलेल्या लोकांबद्दल मनापासून सहानुभूती वाटते, कारण ते फक्त ओबामांवर चिडलेले नव्हते, आपल्याच पक्षाने फसवलं असंही त्यांना वाटत होतं आणि ते खोटं नव्हतं.

आता पैसा जातो कुठे ते बघू, आकडे जरा मोठे आहेत पण एक ट्रिलियन म्हणजे बरोब्बर एक लाख कोटी, तेवढं धरलं की आपल्याला सोपं पडतं. २०२४ च्या आर्थिक वर्षात (तिथे ते ऑक्टोबर ते सप्टेंबर असतं) अमेरिकन केंद्र सरकारने साधारण पावणेसात लाख कोटी डॉलर खर्च केले आणि जमा झाले ४.९ लाख कोटी. तूट सुमारे १.८ लाख कोटी. खर्चातले जवळजवळ दीड लाख कोटी सोशल सिक्युरिटी, म्हणजे पेन्शन. मेडिकेअर, पासष्टीच्या पुढच्यांचा आरोग्य विमा, ८७ हजार कोटींच्या आसपास. मेडिकेड, गरिबांचा विमा, ६२ हजार कोटी. संरक्षण साधारण ८५ हजार कोटी. आणि नुसतं व्याज ८८ हजार कोटी, म्हणजे संरक्षणापेक्षा जास्त. हे नुसतं व्याज आपल्या भारत सरकारच्या अख्ख्या वर्षाच्या बजेटपेक्षा मोठं आहे हो.

आणि मंत्रालयं, शिक्षण, संशोधन, उद्यानं, परदेशी मदत, ज्यावर टीव्हीवर सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो, ते सगळं मिळून एक लाख कोटीच्याही थोडं आतच. म्हणजे ते सगळं उद्या सकाळी कुलूप लावून बंद केलं तरी तूट भरत नाही! परदेशी मदत तर एकूण खर्चाच्या एक टक्क्याच्या आसपास आहे. त्यामुळे जो उमेदवार सांगतो की मी फालतू खर्च आणि भ्रष्टाचार बंद करून बजेट जुळवतो, तो टाळ्या मिळवतो पण हिशोब सांगत नाही. ज्यांच्याकडे ट्रम्पनी पुढे खर्चकपातीचं काम दिलं त्या एलॉन मस्कनी ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन लाख कोटी वाचवायची भाषा केली होती, मग ती एक लाखावर आली, एप्रिल २०२५ मध्ये १५ हजार कोटींवर आली, हजारो माणसांच्या नोकऱ्या गेल्या, आणि २०२५ च्या आर्थिक वर्षात एकूण खर्च कमी व्हायच्या ऐवजी वाढून सात लाख कोटींच्या घरात गेला. कारण खर्च जिथे आहे तिथे हातच घातला नव्हता. तिथे हात घालायचा म्हणजे आजी-आजोबांच्या पेन्शनला आणि औषधांना, आणि रिपब्लिकन पक्षाला मत देणाऱ्यांमध्ये म्हातारी मंडळी भरपूर आहेत.

ट्रम्पनी हे ओळखलं होतं आणि म्हणून ते २०१५ पासून सांगत आले की सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरला मी हात लावणार नाही. सभागृहातले रिपब्लिकन नेते पॉल रायन यांच्यासारखे जुने लोक मेडिकेअर बदलायचे आराखडे घेऊन फिरत होते ते मागे पडले. २०१७ ला कंपनी टॅक्स ३५ वरून २१ टक्के झाला, वैयक्तिक दरही उतरले. मग ४ जुलै २०२५ ला ट्रम्पनी टॅक्स आणि खर्चाच्या एका मोठ्या कायद्यावर सही केली, जुन्या कपाती कायम केल्या, टिप्स आणि ओव्हरटाइमवर सूट दिली, मेडिकेडमध्ये काम करण्याची अट घालून खर्च कापला, पण सगळं धरून दहा वर्षांत तूट ३.४ लाख कोटींनी वाढेल असा काँग्रेसच्याच बजेट ऑफिसचा अंदाज आला. सिनेटमध्ये ५०-५० झाले आणि उपाध्यक्ष व्हान्स यांच्या मताने तो पास झाला. केंटकीचे दोन रिपब्लिकन, सिनेटर रँड पॉल आणि सभागृहातले थॉमस मॅसी, यांनी कर्ज वाढतंय म्हणून विरोधात मत दिलं. स्वतःच्या पक्षाच्या अध्यक्षाच्या विरोधात उभं राहून जुनी गोष्ट बोलायला हिंमत लागते, ती त्यांनी दाखवली एवढं तरी मान्य करायला हवं.

गंमत वाटेल, पण त्याच वर्षी मे महिन्यात श्रीमंतांचा दर थोडा वाढवावा का अशी कुजबुज सुरू झाली तेव्हा ट्रम्पनी स्वतः लिहिलं की थोरल्या बुशना ते ओठांचं वाक्य नडलं असं म्हणतात पण त्यांना पेरोने हरवलं, आणि रिपब्लिकनांनी टॅक्स बहुधा वाढवू नये, पण वाढवला तरी माझी हरकत नाही. पस्तीस वर्षं झाली तरी त्या बोर्डावरच्या कागदाची भीती गेलेली नाही. दर वाढला नाहीच.

आता अध्यक्षाचा प्रश्न. अमेरिकन राज्यघटनेत पैशाची तिजोरी काँग्रेसकडे आहे, टॅक्स लावणं आणि खर्च मंजूर करणं दोन्ही, आणि जुना कॉन्झर्व्हेटिव्ह माणूस याला फार जपायचा कारण एका माणसाच्या हातात सत्ता नको हा त्याचा पाया. अध्यक्ष निक्सननी मंजूर झालेले पैसे अडवून ठेवले तेव्हा काँग्रेसने १९७४ मध्ये ते रोखायचा कायदाही केला. आता त्याच बाजूचे बरेच लोक म्हणतात की काँग्रेस खर्च कमी करतच नसेल तर अध्यक्षाने पैसे अडवावेत. ऑगस्ट २०२५ मध्ये परदेशी मदतीचे ४.९ अब्ज डॉलर आर्थिक वर्ष संपता संपता असेच रोखले गेले, आणि रिपब्लिकन सिनेटर सुझन कॉलिन्स यांनीच हे कायद्याला धरून नाही म्हणून सांगितलं. टॅरिफचंही तेच, तो आयात करणारा अमेरिकन व्यापारी भरतो आणि पुढे गिऱ्हाइकाकडून वसूल करतो म्हणजे तो टॅक्सच झाला, आणि तो काँग्रेसच्या मतदानाशिवाय एका सहीने लागला. रेगनच्या काळातल्या माणसाला हे पटलं नसतं असं मला वाटतं, आणि आज ज्यांना पटतंय त्यांनी एवढा विचार करावा की उद्या तीच सही डेमोक्रॅट अध्यक्षाच्या हातात असणार आहे.

आपल्या लोकांचा यात थेट संबंध कुठे येतो? त्याच जुलैच्या कायद्यात परदेशी पैसे पाठवण्यावर टॅक्स आहे. पहिल्या मसुद्यात नागरिक नसलेल्यांवर ५ टक्के होता, तेव्हा न्यू जर्सी, डॅलसमधल्या मराठी घरांत चांगलीच घबराट झाली होती, पण शेवटी १ टक्काच राहिला, तोही रोख, मनी ऑर्डर असल्या मार्गाने पाठवलं तरच, बँक खात्यातून किंवा अमेरिकन कार्डाने पाठवलं तर लागत नाही. दुसरं म्हणजे एच-वन-बीवर गेलेली मुलं वर सांगितलेली कपात भरतात, पण भारत आणि अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा करार नाही, त्यामुळे दहा वर्षांच्या आत परत आलेल्याला सहसा त्यातलं काही मिळत नाही. अमेरिकन म्हाताऱ्यांची पेन्शन काही प्रमाणात सांगली-नाशिकच्या पोरांच्या पगारातूनही जाते.

आणि त्या पेन्शनची तारीख आता जवळ आलीये. सोशल सिक्युरिटीच्या फंडातली साठवण २०३२ च्या शेवटी किंवा २०३३ च्या सुरुवातीला संपेल असा सरकारी हिशोब आहे, आणि कायदा असा की त्यानंतर जेवढं जमा होईल तेवढंच वाटायचं, म्हणजे काहीच केलं नाही तर प्रत्येकाची पेन्शन एका झटक्यात साधारण पाव हिश्श्याने, अगदी नीट सांगायचं तर २३ टक्क्यांच्या आसपास कमी होईल. १९८३ मध्ये अशीच वेळ आली होती, फंड काही महिन्यांत संपणार होता, तेव्हा रेगन आणि डेमोक्रॅट स्पीकर टिप ओ'नील यांनी मिळून निवृत्तीचं वय हळूहळू ६५ वरून ६७ वर नेलं आणि पगारातून होणारी कपातही वाढवली, दोघांनी शिव्या वाटून घेतल्या. २०२८ मध्ये जो निवडून येईल त्याची टर्म जानेवारी २०३३ पर्यंत आहे, म्हणजे हा निर्णय त्यालाच घ्यावा लागणार, त्यामुळे पुढच्या प्रायमरीत कोणी कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवार खर्च कमी करतो म्हणाला तर त्याने निवृत्तीचं वय किती धरलंय आणि पगाराची १,७६,१०० सारखी मर्यादा ठेवणार की काढणार, हे दोन आकडे त्याच्या भाषणात शोधा.